दाढेतलं जानव्याचं सूत

काशीतला मणिकर्णिका घाट, जिथे रात्रंदिवस चिता जळतात, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे मरणाचं मला फारसं काही वाटत नाही. मी घाबरते ती फक्त दाताच्या डॉक्टरांना.

गेल्या खेपेला त्यांनी माझ्या दाढेवर ती बारीक सळई टकटक वाजवली आणि म्हणाले, "माताजी, ब्रश के साथ रोज़ धागा भी चलाइए, दाढ़ों के बीच में. नहीं तो अगली बार निकालनी पड़ेगी."

निकालनी! सुपारी फोडू शकेल अशी तेवढी एकच दाढ उरलीय माझी. (बाकीच्या नुसत्या शोभेला.)

आमच्या सुनेनं, ऋचानं, त्याच संध्याकाळी दात साफ करायच्या दोऱ्याची डबी आणून दिली. दोरा काय सांगू! मेणाचा, चिवट, वर पुदिन्याचा वास! एवढा गुणी दोरा दातांत घालून फेकून द्यायचा? माझा हात होईना. मी तो देवाच्या हारांना वापरला. महिनाभर बाळकृष्णाचा एक हार तुटला नाही, मात्र देवघरात चटणी वाटल्यासारखा घमघमाट!

आणि मग ती एकादशी उजाडली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे तपासणी, डबी रिकामी, आणि खिचडीतला दाण्याचा कूट नेमका त्याच दाढेच्या फटीत जाऊन बसलेला! ब्रश केला, चुळा भरल्या, बोट घातलं, कूट हलेना. माझ्या डोळ्यांपुढे डॉक्टरांचा चिमटा नाचायला लागला.

तेवढ्यात टकळी दिसली. आमचे हे भिक्षुकी करतात आणि जानव्याचं सूत घरीच काततात. सोवळ्यात नसताना त्याला शिवायची घरात कुणाची छाती नाही. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि वीतभर तोडून घेतलं.

सूत आत तर गेलं, पण बाहेर यायला तयार नाही! उजवीकडे ओढलं, पिंजलं. डावीकडे ओढलं, अडकलं. जोरात ओढलं, तर दाढच हलल्यासारखी वाटली! मला दरदरून घाम फुटला. आणि मागून यांचा आवाज, "अगं, माझी जपमाळ कुठे ठेवलीस?"

मी सुताची दोन्ही टोकं गालात कोंबली आणि तोंड मिटलं.

"ऊं," मी म्हणाले.

"काय?"

"ऊं ऊं!"

हे जवळ आले. माझा एक गाल फुगलेला, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ, अंगाला घाम. "ऋचा! धाव! तुझ्या सासूचं तोंड वाकडं झालंय!"

ऋचा धावत आली. तिनं मोबाइलवर असलं काय काय पाहिलेलं असतं. "आई, दोन्ही हात वर करा!" केले. "आता हसून दाखवा!"

हसू कशी? हसले तर सूत दिसणार! मी मान हलवली.

"बाबा, आईंना हसता येत नाहीये! लकवा आहे हा, लकवा!"

जन्मभर दुसऱ्यांच्या घरी जाऊन धीर देणारा हा माणूस मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मला वाटलं, आता सांगावंच. पण सूत शिवलं म्हटल्यावर हे काय करतील, या भीतीनं तोंड उघडेना. तोवर आरडाओरडा ऐकून शेजारची मिसराइन आत आली.

"पंडितजी, रोवा मत! चाची बड़ी भागवाली हईं. काशी में, ऊहो एकादशी के दिन! सीधे बैकुंठ!"

वैकुंठ ऐकलं आणि माझे हातपाय खरोखरच गार पडले. यांनी तर सवयीनं तुळशीचं पान खुडलंसुद्धा! एका हातात गंगाजलाचा गडू, दुसऱ्या हातानं माझे ओठ उघडायला लागले. मी दात आवळले.

"उघड गं तोंड!"

"ऊं हूं!"

"अगं, आता शेवटी तरी ऐक माझं!"

"मी मरत नाहीये!" मी किंचाळले, आणि सुताची दोन्ही टोकं हनुवटीवर लोंबायला लागली.

यांनी चष्मा वर सरकवला, वाकून पाहिलं. "हे... हे जानव्याचं सूत?" डोळ्यांत पाणी तसंच, आवाज मात्र एकदम ठणठणीत! "एकादशीच्या दिवशी? दातांत?"

मिसराइन हिरमुसून घरी गेली. बिचारीला वैकुंठाची खात्री होती.

ऋचानं हसू दाबत मला गल्लीतून गोदौलियाच्या चौकापर्यंत चालवलं आणि तिथून टोटोत, म्हणजे विजेच्या रिक्षात, घालून डॉक्टरांकडे नेलं. उद्याची परीक्षा आजच! खुर्ची मागे कलली, दिवा डोळ्यांवर आला. देवाचं नाव घ्यावं म्हटलं, तर तेहतीस कोटींतला एक आठवेना! डोळे गच्च मिटले. तोंडात काहीतरी शिरलं, दाढेपाशी खुडबुड झाली, आणि मी जीव मुठीत धरून जबडा आवळला.

मग डॉक्टरांचा आवाज आला, जरा चिरका.

"माताजी, धागा निकल गया. दाढ़ भी बहुत मज़बूत है, निकालने की कोई ज़रूरत नहीं. बस, अब मेरी उँगली छोड़ दीजिए."