पाहुण्यांची पंगत आधी

साउथहॅम्प्टनच्या रोझमूर कॉलेजात वैजयंती पाटणकर एकोणीस वर्षं कँटीन सांभाळत आहेत. मिरजेहून लग्न करून आल्या तेव्हा त्यांना इंग्रजी वाचता येत होतं, पण बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. ते कुलूप कॉलेजच्या पोरांनी उघडलं. नवरा संजय इथल्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन. मूलबाळ झालं नाही. कुणी त्यावरून हळहळ व्यक्त केली तर त्या म्हणतात, "दरवर्षी सहाशे येतात नि सहाशे जातात. आणखी किती हवीत?"

फुटबॉलमधलं त्यांना फार कळत नाही. पण कुठल्या खेळाडूला दूध चालत नाही, कोण हरल्यावर जेवत नाही आणि कुणाला त्या दिवशी दुप्पट वाढावं लागतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. सामना संपला की यजमान संघाने पाहुण्या संघाला खाऊ घालायचं, अशी इकडची रीत आहे. वैजयंतीबाईंना ही रीत इंग्लंडातल्या सगळ्या रीतींमध्ये शहाणी वाटते.

पण दोन वर्षं ती रीत बंदच पडली होती. कॉलेजच्या नव्या इमारतीसाठी मैदान खणून ठेवलं होतं. पोरं गोदीजवळच्या कौन्सिलच्या मैदानावर 'घरचे' सामने खेळत आणि फ्लास्कमधला चहा पिऊन थंडीत कुडकुडत परत येत. अखेर बांधकाम संपलं, फेब्रुवारीत मैदानावर हिरवळ धरली आणि जाहीर झालं, की मोसमातला शेवटचा सामना स्वतःच्या मैदानावर. एरवी हे सामने बुधवारी दुपारी होतात. हा मुद्दाम शनिवारी, १५ मार्चला ठेवला, म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांना येता येईल. समोर पोर्टस्मथचा संघ. या गावात त्या गावाचं नाव कुणी सरळ तोंडाने घेत नाही. त्यातून गुणांचं गणित असं, की रोझमूर जिंकलं तर लीग रोझमूरची. हरलं किंवा बरोबरी झाली तरी ती पोर्टस्मथची.

कॅप्टन होता नील, संजयरावांच्याच थिएटरमधल्या भूलतज्ज्ञ डॉक्टर वरदांचा मुलगा. सतरा वर्षांचा. तो रोज मधल्या सुट्टीत काउंटरवर कोपर टेकून काकूंशी मराठी बोलायचा. ती मराठी ऐकून काकूंना हसू यायचं आणि हसू दाबताना डोळ्यांत पाणी.

"काकू, मी इथे दोन वर्ष आहे आणि एकपण मॅच घरी नाही खेळली. हा एकच आहे. हा जिंकायचाच."

"जिंका की. मी कुठे अडवलंय?"

"तुम्ही काय बनवणार?"

"ते त्या दिवशी कळेल."

महिनाभर आधीच त्यांनी प्रिन्सिपॉलबाईंकडून परवानगी काढली होती: पास्ता नाही, सँडविच नाही. मसालेभात आणि बटाटेवडे. चार रविवार घरी वड्यांचे प्रयोग झाले. तिखट कमी केलं, पुन्हा वाढवलं, पुन्हा कमी केलं. प्रत्येक प्रयोग संजयरावांच्या पोटात गेला. चौथ्या रविवारी ते म्हणाले, "वैजू, मॅच आहे की आपल्याकडे गणपती बसतोय?"

"तुम्ही नुसतं सांगा, मीठ बरोबर आहे का?"

"मीठ गेल्या रविवारीच बरोबर होतं."

शनिवारी सकाळी सातला दोघं कँटीनमध्ये हजर. दुपारी एकपर्यंत मसालेभाताचे दोन मोठे ट्रे तयार झाले आणि नव्वद वडे तळून ओव्हनमध्ये गरम ठेवले गेले. बाहेर जुनी मुलं जमत होती. कुणी बायकोला घेऊन, कुणी तान्ह्या मुलाला. प्रत्येक जण खिडकीतून डोकावून वास घेई आणि काकू त्याला पळीचा धाक दाखवून पिटाळत. "सामना झाल्यावर."

दोनचा सामना. पावणेदोन वाजले तरी पोर्टस्मथची बस नव्हती. मोटरवेवर अपघात झाला होता. बस आली ती दोनला दहा कमी असताना. अकराला निघालेली मुलं वाटेत थांबून जेवणार होती, पण सव्वादोन तास बसमध्ये एकाच जागी अडकून पडली. रेफरीने सामना पाऊण तास पुढे ढकलला.

रोझमूरचे कोच प्राइससाहेब हात चोळत नीलला म्हणाले, की पोरं उपाशी आहेत, पहिल्या वीस मिनिटांतच तुटून पडा. हे वैजयंतीबाईंनी ऐकलं नाही. त्या वेळी त्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. पोर्टस्मथची सोळा मुलं पायऱ्यांवर बसली होती आणि त्यांतला एक उंच मुलगा एका केळ्याचे चार तुकडे करत होता.

मग जे झालं ते विचार करून झालं नाही. मिरजेला त्यांच्या माहेरी दारात आलेल्या माणसाला आधी पाणी आणि मग पान, एवढाच क्रम होता. घरची माणसं शेवटच्या पंगतीला. त्या हातानेच खूण करत म्हणाल्या, "या, आत या, बसा." पुढच्या वीस मिनिटांत एक ट्रे संपला आणि दुसरा अर्धा झाला. त्यांच्या कोचने आधी "थोडंसंच" असं बजावलं आणि मग स्वतः पाच वडे खाल्ले. संजयराव काही बोलणार होते. पण बायकोचा चेहरा बघून ते पाण्याचे ग्लास भरायला लागले.

नील आत आला तेव्हा शेवटचे वडे ताटांत पडत होते. तो दारातच थांबला.

"काकू, हे काय केला तुम्ही?"

"अरे, उपाशी होती रे पोरं."

"हो. ते उपाशी होते. तेच तर चांगला होता." तो इतकंच बोलला आणि गेला.

सामना सुरू झाला तेव्हा त्या कँटीनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आणि भलतंच दिसू लागलं. पोर्टस्मथची पोरं धावेनात. मसालेभाताने त्यांचे पाय जमिनीला जखडल्यासारखे झाले होते. त्यांचा गोलकीपर तर खांबाला टेकून उभा होता. दहाव्या मिनिटाला रोझमूरचा गोल. तिसाव्या मिनिटाला नीलचा. जुन्या मुलांनी काकूंच्या नावाचा घोष सुरू केला. एक टक्कल पडलेला माजी विद्यार्थी येऊन म्हणाला, "मिसेस पी, ही तुमचीच चाल होती ना?"

"मी अशी चाल कशाला करीन?" त्या म्हणाल्या. त्यांना ते लागलं. पण दोन गोल पुढे आहोत, हेही मनातून गोड वाटत होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती.

मध्यंतरानंतर अन्न पचलं. केळं वाटणाऱ्या उंच मुलाने साठाव्या मिनिटाला गोल केला. त्यानंतर वैजयंतीबाईंना बघवेना. त्या आत गेल्या आणि घासलेला ट्रे पुन्हा घासू लागल्या. बाहेरचा आवाज चढे, उतरे. मग एकदा असा उतरला की वर आलाच नाही. संजयराव आत आले.

"दोन-दोन. संपली."

"म्हणजे?"

"म्हणजे लीग त्यांची." टॉवेल उचलत ते म्हणाले, "सहीसलामत पचलं त्यांना. तिखट बरोबर होतं."

त्या हसल्या नाहीत. पोर्टस्मथची मुलं निघताना रांगेने येऊन आभार मानून गेली. उंच मुलाने हातात हात घेतला, तेव्हा त्यांनी त्याला "शाब्बास" म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं. बस गेली. कोच प्राइस कॉफी घेऊन पाठ फिरवून गेले.

सगळ्यांत शेवटी नील आला. स्टुलावर बसला, गुडघ्याचा चिखल नखाने खरवडत राहिला.

"चुकलं माझं," काकू म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला. मग काउंटरकडे बघत, "वडे उरले?"

"एकही नाही. अर्धा ट्रे भात होता, तो जुन्या मुलांनी संपवला."

"आमचा टीम काय खाणार?"

वैजयंतीबाईंनी खालच्या कपाटातून बटाट्यांची गोणी ओढून काढली आणि सुरी संजयरावांपुढे ठेवली. एकेक करत उरलेली मुलं आत आली, जागा मिळेल तिथे जमिनीवर बसली. कुणी फोनवर उशीर होईल म्हणून घरी कळवलं. मोठं पातेलं चढलं.

"पहिले तीन गोल मी पाहिले," काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या. "त्यांचा शेवटचा नाही पाहिला. कसा झाला?"

नील उठला आणि टेबलावरचे बटाटे मांडू लागला.

"हा मी. हा तो उंच मुलगा. हा आमची कीपर. आणि इथून तो असा आला..."

"लवकर सांग," काकू म्हणाल्या. "तुझ्या कीपरला उकडायचंय."