खिडकीच्या जाळीचा ताण

दुपारची जेवणं झाली की आमच्या गल्लीला गुंगी येते. ऊन भिंतीवरून खाली सरकतं, कुत्री गाड्यांखाली शिरतात, आणि मागच्या आळीतले यंत्रमाग तेवढे चालू राहतात. खटक-खटक, खटक-खटक. पाहुण्यांचं डोकं उठतं त्यानं. आम्हा शहापूरच्या विणकरांना त्यानंच झोप लागते.

आमचे हे जन्मभर मागावर बसले. माग गेले, गुडघेही गेले, पण दुपारची झोप त्या आवाजावरच यायची. मग पावसाळा संपता संपता त्यांना डासाचा ताप आला. ताप उतरला, सांधे मात्र धरूनच राहिले. डॉक्टर म्हणाले, पुन्हा डास चावायला नको, आणि झोप भरपूर हवी. आता खिडकीची जाळी कोपऱ्यात फाटलेली, म्हणून खिडकी बंद. खिडकी बंद तर आवाज बंद, आणि आवाज नाही तर हे छताकडं बघत पडलेले. मच्छरदाणी लावली तर म्हणाले, "मला काय मासा समजलीस व्हय गं?" त्यात हसायचंही त्राण नव्हतं त्यांना. माणूस दिवसेंदिवस वाळत चालला.

मुलगा म्हणाला, "आई, खिडकी कायमची बंद करून टाकू. रविवारी एसीवाला येतोय."

मी म्हटलं, येऊ दे की. त्याच्या आधी मी जाळी बदलून बघते.

खडेबाजारात गेले. हार्डवेअरचा दुकानदार कानडीतच बोलवतो, "बर्री आक्का, बर्री." तीन तऱ्हेच्या जाळ्या त्यानं फळीवर उलगडल्या. हिरवी नायलॉनची, चकचकीत स्टीलची आणि राखाडी फायबरची. मी आपली सवयीनं एकेक अंगठ्याखाली घेऊन चोळून बघतेय. नायलॉनची तार लगेच सरकली. उन्हात ती वर्षभरही टिकायची नाही. स्टीलची राहील बरीच वर्षं, पण एकदा घडी पडली की पडली. राखाडी हाताला मऊ लागली. उजेडाकडं धरली, तर पलीकडचा सगळा बाजार, फुलवाली, रिक्षा, केळ्यांचा गाडा, कुणीतरी बारीक सुतात विणून काढल्यासारखा दिसायला लागला. बघतच राहिले.

"आक्का, साडी न्हाई ती," दुकानदार म्हणाला. "पदर कुठं हाय म्हणून शोधताय काय?"

"काठ बघतेय रं अण्णा. काठ सरळ नसला तर कापताना जीव जातोय."

राखाडीच घेतली. तिच्याबरोबर जाळी पल्ल्याच्या खाचेत धरून ठेवणारी रबराची नवी दोरी घेतली, आणि ती दोरी दाबायचं हत्यार. लाकडी मूठ, दोन्ही टोकांना छोटं चाक.

घरी येऊन खिडकीचा जाळीचा पल्ला काढला आणि त्यांच्या खाटेशेजारी फरशीवर आडवा ठेवला. जुनी रबराची दोरी वाळून खाचेत चिकटून बसलेली. ती निघाली कशानं, तर मागाच्या फणीतून तार ओढून घ्यायच्या आमच्या चपट्या आकडीनं. माग विकताना ती कशी मागं राहिली कुणास ठाऊक.

हे उशीवर कोपर टेकून उठून बसले. कितीतरी दिवसांनी उठून बसले होते. म्हणाले, "उभी तार उभ्या पट्टीला धर. हां. आता ताण."

ताणली.

"अजून ताण गं! ताणा सैल राहिला तर कापड कसं उतरंल?"

मी पायाचा अंगठा पट्टीवर रोवून जाळी ओढली, एका हातानं चाक फिरवत दोरी दाबली. चारी बाजू झाल्या. जाळीवर टिचकी मारली तर डफासारखी वाजली. दोघंही खूश! पल्ला उचलून खिडकीत बसवला, तर दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी फट. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या ताणानं मधेच आत वाकलेल्या, कंबर आवळल्यासारख्या.

"डासांना दार उघडून दिलंस की," हे म्हणाले.

"मी? ताण, ताण म्हणून कोण ओरडत होतं?"

"मागाला कधी असं झालं न्हाई."

"मागाचं लाकूड मांडीएवढं जाड असतंय. ही पट्टी बघा तरी, माझ्या बांगडीएवढी."

ते मागं उशीवर टेकले. पुन्हा छताकडं वळतात की काय, अशी धास्ती वाटली मला. पण नाही, जाळीकडंच बघत होते. हळूच म्हणाले, "काढ ती दोरी. ह्या डावाला ओढू नकोस. नुसती अंथर. बाळंतिणीच्या अंगावर पांघरूण घालतो तशी."

तशीच घातली. पट्ट्या हातानं दाबून सरळ केल्या, पुन्हा आत येऊ नयेत म्हणून मधे लाकडाची फळी अडकवली. जाळी नुसती पसरली, चारी बाजूंना चार बोटं जास्त ठेवून. एका कोपऱ्यापासून दोरी दाबत गेले, तर काय सांगू, खाचेत जाता जाता दोरीच जाळीला आपल्यापुरतं ओढून घेत होती. मला काही करायलाच लागलं नाही. वरची राहिलेली जाळी ब्लेडनं कापली, ब्लेडचं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवून, नाहीतर नवी जाळीच फाटते. फळी काढली आणि पल्ला खिडकीत गपकन बसला. फट नाही.

काच सरकवली. वारा आला, आणि वाऱ्याबरोबर माग.

ह्यांनी डोळे मिटले. मीही भिंतीला टेकून पाय पसरले. जाळीतून कडुनिंब दिसत होता, पण पानापानाचा नाही, नुसता हिरवा, पाण्यात पडल्यासारखा. माझ्याही पापण्या जड झाल्या. किती वेळ गेला ठाऊक नाही. एकदम वीज गेली आणि सगळे माग एका दमात थांबले. मी ह्यांच्याकडं पाहिलं. आता उठणार हे.

उठले नाहीत. पोटावर ठेवलेली त्यांची बोटं तेवढी हलली, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरली, आणि झोपेतच पुटपुटले, "तार तुटली बघ. जोड गं."

मी म्हटलं, "जोडली."

कुशीवर वळले आणि घोरायला लागले. मी हळूच उठून बाहेर आले, मुलाला फोन लावला आणि म्हटलं, एसीवाल्याला सांग, येऊ नको म्हणावं. आणि हळू बोल जरा.