माझ्या करारनाम्यातली बारावी अट

मी केलेले घोटाळे लिहायला बसले तर दोनशे पानी वही पुरायची नाही. पण हा एक असा आहे, की तो सरकारी कागदावर टाइप होऊन, शिक्का बसून फाइलला लागलेला आहे. मग लपवून तरी काय करू? चहा घ्या, सांगते. हसायचं तिथं हसा, फक्त माझ्या तोंडाकडं बघून हसू नका.

आधी हे सांगायला हवं की मी दचकते. कारण लागत नाही. शाळेची घंटा मीच वाजवते आणि मीच दचकते. बी.ए. झालं, डी.एड. झालं, नोकरी लागली, तरी मागून कुणी "मॅडम" म्हटलं की हातातला खडू पडतोच. आमच्या वर्गात फळ्याखाली जेवढे खडूचे तुकडे सापडतात तेवढे जिल्ह्यात कुठं सापडत नसतील.

तर आमची जिल्हा परिषदेची शाळा चितेगावच्या पुढं, पैठण रस्ता सोडून आत. वर्ग सात, शिक्षक चार. मुख्याध्यापक काळे सर, कुलकर्णी मॅडम, शेख सर आणि मी. मी चौथीवर.

मागच्या वर्षी सरकारची एक योजना आली. ज्या शाळांत मुलं मागं आहेत, त्यांना जादा निधी. त्यासाठी चाचणी होणार, आणि चाचणीत शाळा ठरलेल्या रेषेच्या खाली असेल तरच यादीत नाव. शिवाय सगळ्या शिक्षकांनी करारनाम्यावर सही करायची. शाळा सुटल्यावर रोज एक जादा तास, दर तीन महिन्यांनी परीक्षा, दोन वर्षं बदलीचा अर्ज करायचा नाही, अशा अकरा अटी. एका जरी शिक्षकाची सही कमी पडली की निधी नाही.

त्या निधीतून मुलींचं स्वच्छतागृह व्हायचं होतं. जुन्याला दार नव्हतं आणि नळाला पाणी नव्हतं. सहावी-सातवीच्या मुली सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत, आणि मधल्या सुट्टीत घरी गेल्या की परत यायच्या नाहीत. मुली का मागं आहेत, हे शोधायला खरं म्हणजे चाचणीची गरजच नव्हती.

सह्यांचं घोडं अडलं होतं कुलकर्णी मॅडमपाशी. त्यांचं घर तिकडं शहरात, सिडकोत, सासूबाई अंथरुणावर, आणि इतक्या वर्षांनी यंदा त्यांचा शहराकडं बदलीचा नंबर लागायचा होता. सही केली की तो गेला. काळे सरांनी एका शब्दानं आग्रह केला नाही. मग एका दुपारी मॅडमनी सातवीची हजेरी घेतली. नऊ मुलींपैकी दोघी हजर. हजेरी मिटून त्या ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, "यादीत नाव येऊ द्या सर. करते मी सही."

म्हणजे सगळं त्या चाचणीवर आलं. आदल्या दिवशी काळे सरांनी आम्हाला बसवून सांगितलं, "उद्या कुनी काय शिकवू नका, काय सुचवू नका. लेकरांना येतंय तेवढं लिहू द्या. कमी लिहिलं तर शाळेचं भलंच हाय." हे ते माझ्याकडं बघून म्हणाले. मी तीनदा मान हलवली.

मान हलवणं सोपं असतं हो!

दुसऱ्या दिवशी चौथीची एकोणीस मुलं पेपर घेऊन बसली. बाहेरून आलेले एक साहेब वर्गावर्गांतून फिरत होते. माझ्या मनात काय आलं असेल? शाळा मागं आहे ते ठीक, पण चौथी मागं आहे म्हणजे कोण मागं आहे? मीच की. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या कार्तिकीनं पेन्सिल तोंडात घालून माझ्याकडं पाहिलं. त्या डोळ्यांत मला सगळ्या गावाचं अज्ञान दिसलं. प्रश्न होता, पावणेदोन म्हणजे किती वाजून किती मिनिटं.

आणि माझे ओठ हलले. शपथेवर सांगते, मी हलवले नाहीत, ते हलले. "दोन पंचेचाळीस."

सगळ्या वर्गाच्या पेन्सिली एकदम थांबल्या. मुलांनी एकमेकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान डोलावली. मग खसखस, खसखस. मला वाटलं, लिहितायत बिचारी.

एकदा तोंड उघडल्यावर मिटतंय कशाला? साहेब शेजारच्या वर्गात गेले की मी एक उत्तर सोडायचे. अशी चार उत्तरं सांगितली. पेपर गोळा झाले तेव्हा कुठं भानावर आले. चार प्रश्न गुणिले एकोणीस मुलं! शाळा रेषेच्या वर गेली की काय? मग स्वच्छतागृह?

पुढचे तीन आठवडे मला अन्न गेलं नाही. कुलकर्णी मॅडम डबा उघडून म्हणायच्या, घे गं, वाळत चाललीस. आणि मी त्यांच्याच पोळीचा तुकडा हातात धरून मनात म्हणायचे, मॅडम, तुमचा त्याग मी पाण्यात घातला.

यादी लागली त्या दिवशी आम्ही चौघं औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेच्या कार्यालयात गेलो. करारनाम्यांवर योजनेच्या साहेबांसमोरच सह्या करायच्या होत्या. बाकीचे साहेबांच्या खोलीत गेले आणि काळे सरांनी मला पाठवलं, तेवढं यादीत नाव बघून या म्हणाले. व्हरांड्यात फळ्यासमोर ही गर्दी. माझ्या खांद्यावरून कुणाचा तरी हात, कानाशी कुणाचा तरी फोन. मी बोट ठेवून यादी वाचली. पुन्हा वाचली. आमच्या शाळेचं नाव नव्हतं.

खोलीत शिरले तेव्हा टेबलावर चार करारनामे मांडलेले. कुलकर्णी मॅडमनी पेनाचं टोपण काढलं होतं आणि निब कागदापासून बोटभर वर होती.

"सर, नाव नाही," मी म्हणाले. "माझ्यामुळंच गेलं. मी उत्तरं सांगितली."

मग मला थांबताच येईना. कार्तिकी, पेन्सिल, पावणेदोन, चारही उत्तरं, वाळलेली पोळी, सगळं सांगून टाकलं. रडत सांगितलं. शेजारच्या टेबलावरचे दोन कारकून काम थांबवून ऐकत होते. कुलकर्णी मॅडमनी टोपण लावलं. एवढासा टक्‌ आवाज झाला, पण मी दचकले.

साहेब पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं, "चौथीचा वर्ग तुमचा?"

"हो."

ते उठले, कपाटातून पेपरांचा गठ्ठा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "आम्ही तपासताना चक्रावलो होतो, मॅडम. एकोणीस लेकरांनी एकच उत्तर खोडलंय. आणि खोडलेलं उत्तर बरोबर आहे."

मी वाकून पाहिलं. खोडरबरानं घासघासून कागद काळा झाला होता आणि त्या काळ्याखाली एकोणीस ठिकाणी स्पष्ट दिसत होतं: एक पंचेचाळीस. वर, गिरवून गिरवून, दोन पंचेचाळीस.

ती खसखस लिहिण्याची नव्हती!

"सव्वा मीटरचे तुम्ही एकशे पंधरा सेंटिमीटर केलेत," साहेब पान उलटत म्हणाले, "अडीच किलोचे दोन हजार दोनशे पन्नास ग्रॅम. चौथं बरोबर सांगितलंत, पण ते त्यांना येतच होतं."

शेख सर खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

मग साहेबांनी विचारलं, "यादी कोणत्या पानावर बघितली?"

"पहिल्या."

"ते वैजापूर तालुक्याचं आहे."

काळे सरांनी डोळे मिटले. "आपला तालुका पैठण हाय मॅडम," ते हळूच म्हणाले, लहान मुलाला म्हणतात तसं. "तुम्ही तिथं तीन वर्षं नोकरी करताय."

नाव होतं. दुसऱ्या पानावर होतं. मी गप्प राहिले असते तर त्या दिवशी सह्या होऊन आम्ही चहा पिऊन घरी गेलो असतो. पण साहेब म्हणाले, तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं, आता ऐकलं नाही असं मला करता येत नाही. चौथीची चाचणी पुन्हा घ्यावी लागेल.

परत जाताना काळे सर म्हणाले, "आपलं नाव काठावर हाय. आजवर तुमच्या चुकांवर आपण यादीत होतो. आता लेकरांनी बरोबर लिहिलं तर गेलो."

सांगा, अशा वेळी शिक्षिकेनं देवाकडं काय मागायचं?

फेरचाचणीच्या दिवशी मला फाटकाबाहेर उभं केलं होतं. सुटल्यावर कार्तिकी पळत आली. मी घाबरत घाबरत विचारलं, पावणेदोन आलं होतं का गं?

"व्हय. एक पंचेचाळीस लिहिलं. तवा बी तेच लिहिलं हुतं," ती म्हणाली. "पावणेदोनची यष्टी दोनच्या आधीच येती की मॅडम. पन तुम्ही सांगितलं म्हणून आम्ही खोडलं."

माझ्यावर एवढा विश्वास आजवर कुणी टाकलेला नाही. त्याचं मी काय केलं, ते तुम्ही आत्ता ऐकलंच.

चौथीचे गुण वाढले. मी नसताना वाढले. शाळा तरीही रेषेखाली राहिली, अगदी निसटती. आम्ही पुन्हा औरंगपुऱ्यात गेलो. कुलकर्णी मॅडमनी टोपण काढलं, सही केली, आणि पेन माझ्या हातात देत म्हणाल्या, "घे. आणि काही बोलू नकोस."

मी सही करायला वाकले तर माझा करारनामा बाकीच्यांपेक्षा लांब. साहेबांनी माझ्यासाठी बारावी अट घातली होती: 'परीक्षेच्या वेळी सदर शिक्षिका वर्गखोलीत उपस्थित राहणार नाहीत, तसेच खिडकीतून दिसतील अशा ठिकाणी उभ्या राहणार नाहीत.' खिडकीचं म्हणे काळे सरांनी सुचवलं.

स्वच्छतागृह झालं. दाराला आतून कडी आहे, नळाला पाणी आहे. मधल्या सुट्टीनंतर सातवीच्या हजेरीत आता मुली सापडतात. कुलकर्णी मॅडम अजून रोज सिडकोतून येतात आणि डब्यातली पहिली पोळी मला देतात. ती गिळताना मला अजून त्रास होतो.

आणि दर तीन महिन्यांनी परीक्षा असली की मी त्या नव्या स्वच्छतागृहाच्या मागं जाऊन उभी राहते, कारण कुठल्याच खिडकीतून न दिसणारी शाळेत तेवढी एकच जागा आहे. पेपर पावणेदोनला सुटतो. हातात घड्याळ असतं, पण मी ते बघत नाही. एसटी आली की आत जाते.