प्रमिलामावशींची टेकरी

प्रमिलामावशी कॉम्प्युटरला 'भिया' म्हणत. आमच्या माळव्यात दूधवाल्यापासून सख्ख्या भावापर्यंत सगळेच भिया असतात, पण लॅपटॉपच्या पाठीवरून हात फिरवत "चल भिया, उठ आता" म्हणणारी बाई मी देवासात एकच पाहिली. तो उठला नाही तरी त्या चिडत नसत. चष्मा कपाळावर सरकवून थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसत आणि मग माझ्या दाराची कडी वाजवत.

मी त्यांच्या शेजारी राहत होते. इंदूरच्या एका कंपनीसाठी इमारतींची थ्रीडी चित्रं करून द्यायची, हे माझं घरबसल्या काम. त्यामुळे वीज जाण्यापासून मोबाईल हरवण्यापर्यंत सगळ्यावर माझ्याकडे इलाज आहे असं मावशी धरून चालत. त्या मूळच्या धारच्या. लग्न होऊन देवासला आल्या आणि सरकारी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या. यजमान पूर्वीच गेलेले, मुलगा पुण्यात. त्यांच्या वयाच्या बायका भजनी मंडळात शिरल्या, तर या थ्रीडीत शिरल्या. माझ्या मागे उभं राहून महिनाभर नुसतं बघितलं आणि एक दिवस मला म्हणाल्या, "सरक जरा, मी करून बघते." त्या दिवसापासून माझी खुर्ची माझी राहिली नाही.

त्यांना टेकरी बनवायची होती. टेकरी म्हणजे देवासची माताजीची टेकरी, जिच्यावर मोठी माता आणि छोटी माता अशा दोन देवी, दोघी बहिणी, राहतात. धारला मावशींची थोरली बहीण होती, आक्का. दरवर्षी नवरात्रात आक्का देवासला यायच्या आणि दोघी बहिणी अनवाणी टेकरी चढायच्या. लग्नाआधीपासूनचा नेम, एकही वर्ष चुकला नव्हता. त्या वर्षी उन्हाळ्यात आक्का न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांनी अंथरूण धरलं. टेकरीवर रोपवे आहे, पण धारहून देवासपर्यंतचा रस्ता त्यांना झेपणार नव्हता. हाडापेक्षा मन जास्त मोडलं होतं. जेवण सुटलं, बोलणं सुटलं, फोन केला तर त्यांच्या सूनबाई सांगायच्या की भिंतीकडे तोंड करून पडून असतात. देवीनंच मला खाली टाकलं, एवढं एकच वाक्य त्या बोलत.

मावशींनी ते मनाला फार लावून घेतलं. आक्काला टेकरी चढवायचीच, असं त्यांनी ठरवलं आणि रोज सकाळी गर्दी व्हायच्या आत मोबाईल घेऊन त्या टेकरीवर जाऊ लागल्या. प्रत्येक पायरीचा, कठड्याचा, कमानीचा चारी बाजूंनी फोटो. असे ढीगभर फोटो दिले की कॉम्प्युटर ते जोडून खरीखुरी जागा उभी करतो, जिच्यात आपल्याला बटण दाबून हिंडता येतं. प्रसादाच्या दुकानदारांना आधी वाटलं, बाई नगरपालिकेची माणूस आहे. मग वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. मावशींनी दोन्ही समज तसेच राहू दिले.

व्हिडिओ काढून का दाखवत नाही, असं मी विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे नापास मुलीकडे बघावं तसं पाहिलं. "व्हिडिओत मी चढेन गं, आक्का नाही चढणार. तिला पाहिजे तिथे थांबता आलं पाहिजे. ती त्या वळणावर दम खायला थांबते, माहिती आहे का तुला?"

पहिल्या पायऱ्या तयार झाल्या तेव्हा पायथ्याशी एका कडेला मावशींच्या चपला दिसत होत्या. फोटो काढायलाही त्या अनवाणीच चढल्या होत्या आणि काढून ठेवलेल्या चपला फोटोत आल्या होत्या. मी त्या पुसून टाकायला निघाले तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे भिया. उतरताना लागतील."

टेकरी जसजशी वाढत गेली तसा लॅपटॉपचा दम संपत गेला. एक पाऊल टाकलं की पडदा गोठायचा आणि बऱ्याच वेळाने पुढची पायरी दिसायची. मी म्हटलं, याच्या आतलं ग्राफिक्स कमजोर आहे, नवा कॉम्प्युटर घ्या. मावशी ऐकेनात. लॅपटॉप मुलानं दिलेला, त्याला अडगळीत टाकायचं त्यांच्या जिवावर आलं. मग मी त्यांना बाहेरून जोडायच्या ग्राफिक्स कार्डाबद्दल सांगितलं. कार्ड लॅपटॉपच्या पोटात मावत नाही, म्हणून ते एका वेगळ्या डब्यात बसवायचं. डब्याला स्वतःची वीज, स्वतःचे पंखे, आणि लॅपटॉपशी संबंध फक्त एका जाड वायरचा. ज्या भोकाशेजारी विजेची खूण असेल तिथेच ती वायर चालते. मावशींनी भिंग आणून लॅपटॉपची कड तपासली आणि खूण सापडल्यावर माझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझा चहा सांडला.

"म्हणजे चूल वेगळी, पंगत एक," त्या म्हणाल्या. पुढे हे त्यांचं पालुपदच झालं. धोब्यापासून बँकेतल्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना त्या या कार्डाची गोष्ट सांगत आणि शेवटी "चूल वेगळी, पंगत एक" असा समारोप करत. समोरच्याला काही कळलं आहे की नाही, ही चिंता त्यांनी कधी केली नाही.

डबा आणि कार्ड यायला नवरात्र उजाडलं. अष्टमीच्या दुपारी आम्ही दोघी पसारा मांडून बसलो. कार्ड खाचेत नीट धरून दाबलं, खट् असा आवाज आला आणि मावशींनी हात जोडले. वायर लावली, पडदा कार्डाला जोडला, पंखे गरगरले. मी टेकरी उघडली आणि मावशींनी बाणाचं बटण दाबून धरलं. टेकरी सरसर उतरून आमच्या अंगावर आली. कुठे अडखळणं नाही, गोठणं नाही, कठड्याच्या दगडावरची शेंदराची बोटं दिसत होती. मी इतकी वर्षं या कामात आहे, पण माझ्याही अंगावर काटा आला. अर्ध्या वाटेवर मावशी चक्क दम खायला थांबल्या, म्हणजे त्यांनी बटण सोडलं, पदराने कपाळ टिपलं आणि पुन्हा निघाल्या.

मला वाटलं, आता नवमीला सकाळीच धारला पळायचं. पण नवमी म्हणजे खंडेनवमी. मावशींच्या घरी त्या दिवशी औजारं पूजेला बसतात आणि पूजेला बसलेलं औजार त्या दिवशी वापरत नाहीत. विळी, कात्री, शिवणयंत्र, शाळेतले जुने कुंचले आणि मधोमध आमचा डबा, अशी आरास त्यांनी मांडली. लॅपटॉपला कुंकू लागलं, डब्यावर झेंडूचं फूल बसलं. अक्षता त्यांनी अगदी वरून, डब्याच्या जाळीवर, मूठ भरून वाहिल्या. खरं काम करणारा आत आहे, त्याला पोचायला हव्यात, असं त्यांचं म्हणणं. मीही भक्तिभावाने नमस्कार केला. देवीला एक दिवस उशीर चालतो का, असं विचारल्यावर म्हणाल्या की उद्या दसरा आहे, सीमोल्लंघनाला याहून चांगलं निमित्त मिळायचं नाही.

दसऱ्याला माझ्या गाडीतून आम्ही निघालो. मावशी डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि प्रत्येक गतिरोधकाला मला बोल लावत होत्या. धारला आक्कांच्या खोलीत गेलो तर त्या खरोखरच भिंतीकडे तोंड करून होत्या. मावशींनी त्यांच्या उशाशी आपट्याची पानं ठेवली. "सोनं घे, आक्का." आक्कांनी मान वळवली नाही. आम्ही लॅपटॉप आणि डबा समोरच्या टीव्हीला जोडला, सूनबाईंनी आक्कांना उशांचा टेकू देऊन बसतं केलं.

पडद्यावर पायथा आला. आक्का बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पमे, या तुझ्या चपला."

मावशींनी आक्कांचं बोट बाणाच्या बटणावर ठेवलं. आक्का चढू लागल्या. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. त्यांचा चेहरा उजळत होता, सूनबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. वळण जवळ आलं आणि डब्यातून टक टक टक असा आवाज सुरू झाला. पाठोपाठ पडदा काळा झाला.

आक्कांनी बटणावरचं बोट काढून घेतलं. "बघ. तिला मी नकोच आहे." आणि त्या पुन्हा भिंतीकडे वळू लागल्या.

मावशींचा चेहरा पांढरा पडला होता. डब्याला भिया म्हणायचंही त्या विसरल्या. मी डबा बंद करून उघडला. कार्ड चटका बसेल इतकं तापलेलं, आणि त्याच्या पंख्याच्या पात्यात अडकलेला कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा. खंडेनवमीच्या अक्षता गाडीच्या धक्क्यांनी नेमक्या जागी जाऊन बसल्या होत्या. मी तो दाणा चिमट्याने काढून मावशींच्या तळहातावर ठेवला. त्या दाण्याकडे बघून ओशाळल्या.

आणि आक्का हसल्या. आधी नुसतं नाकातून, मग पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सूनबाई धावत पाणी घेऊन आल्या. "अगं, यंत्राला कुणी अक्षता खाऊ घालतं का?" असं म्हणत आक्कांनी हात पुढे केला आणि तो दाणा मागून घेतला. कपाळाला लावला. "आण तो डबा. अगदी पहिल्या पायरीपासून. अर्धी चढलेली टेकरी देवी धरत नाही."

मी डबा उलटा करून राहिलेल्या अक्षता झटकल्या. या वेळी आक्का वळणावर थांबल्या, दम घेतला आणि वर पोचल्या. गाभाऱ्याच्या दाराशी चित्र संपत होतं, कारण आत फोटो काढायचा नाही हे मावशींनी कटाक्षाने पाळलं होतं. पुढे नुसता काळोख. मी काही सांगणार, तोच आक्कांनी डोळे मिटून हात जोडले. "इथून पुढचं मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी पुरणपोळी मागून घेतली. परतताना मावशी गाडीत इतकं बोलत होत्या की इंदूर कधी गेलं ते मला कळलं नाही.

पुढच्या होळीच्या आत मावशीच गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. मी त्यांच्यावर रागावलेच होते, की अजून धारकडच्या मोहनखेड्याचं जैन देऊळ असंच कॉम्प्युटरवर करायचं ठरलं होतं आणि ही काय जायची वेळ. दाराची कडी वाजली की मला अजून त्याच वाटतात. पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलाने लॅपटॉप आणि डबा माझ्या हवाली केला.

यंदा खंडेनवमीला मी डब्याची पूजा केली. अक्षता वाहिल्या, पण आधी जाळीवर रुमाल घातला. दसऱ्याला एकटीच धारला गेले. जावं की नाही, आक्कांना ते सोसेल की नाही, याचा घोर रस्ताभर होता. आक्का आता काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालतात. धाकटी आधी गेल्याचं दुःख त्यांनी कुणापाशी बोलून दाखवलेलं नाही, असं सूनबाई हळूच म्हणाल्या. मी डबा जोडला, पंखे गरगरले, पडद्यावर पायथा आला. कडेला मावशींच्या चपला होत्या. मला पुढे जाववेना.

"थांबलीस का?" आक्का म्हणाल्या. "चपला खालीच आहेत तिच्या. म्हणजे अजून वरच आहे."

आणि त्यांनी बाणाचं बटण दाबलं.