झबल्याला लागलेला हात

बोईसरच्या कारखान्याच्या हॉलात, स्टेजवर, त्यांच्या मदत संस्थेच्या बाईंनी माझ्या लेकीचं झबलं वर केलं. छाती पाहिली. तोंड वाकडं केलं.

"अगं, टाके कुठेत? लोकांना दाखवायचं काय?"

टाके नव्हतेच. हृदयाजवळची एक रक्ताची नळी जन्मल्यावर आपोआप मिटते, ती पोरीची उघडीच राहिली होती. दूध ओढताना घामाघूम व्हायची, दमून तोंड काढायची. मुंबईच्या डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून बारीक तार सरकवली आणि आत बूच बसवलं. छातीला सुरी लागली नाय. तेव्हा नवरा बोटीवर, दर्यात. त्या बंद दाराबाहेर मी एकटीच. जीव नुसता टांगणीला. कुणाशी बोलणार?

खर्च कारखान्याने केला, म्हणून सत्कार. त्यांचा. मला निरोप आला होता, "कोळणीसारखं नेसून ये, फोटोत छान दिसतं." घरात मी गाऊन घालते. पण नेसले.

बाईंनी कापूस मागवला. पोरीच्या धडधाकट छातीवर ही मोठी पट्टी चिकटवली. मला म्हणाल्या, "आता जरा रडवेली हो." खाली लोक हसले. पोर किंचाळली.

दातिवऱ्याच्या बाजारात मी पाटी मांडून मासळी विकते. गिऱ्हाईक वाकलं की माशाचा कल्ला उघडून दाखवते, बघ, लाल हाय, ताजा हाय. स्टेजवर एकदम कळलं. आज पाटीत माझी पोर हाय.

मी पट्टी सोलून काढली. झबलं खाली ओढलं.

"पोर बरी झालीय. बरी पोर दाखवायची तर दाखवा. नायतर फोटो नको."

"उपकाराची जाणच नाही तुम्हा लोकांना! पुढच्या तपासणीला आमची गाडी मिळणार नाही."

"नको. आमी एसटीने जाऊ."

गावात बातमी माझ्याआधी पोचली. मासळी सुकवायला गेले तर बाया बोलायच्या थांबल्या. सासू म्हणाली, "हात जोडून उभी राहिली असतीस तर काय गेलं असतं तुजं?" नवऱ्याचा फोन लागेना. लय एकटं वाटलं. रडले. पण चुकले असं एकदाही वाटलं नाय.

आता तपासणी जवळ आलीय. पोरीला कडेवर घेऊन मीच जाणार. डॉक्टरांना छाती ऐकायची असेल तेव्हा झबलं मी वर करीन, माझ्या हाताने. दुसऱ्या कुणी हात घातला तर तो मनगटाला धरीन. भर सभेत धरीन.