सायकलच्या दुकानातली माझी चार आणे भागी

माझी शाळा दोन यत्तांची. बाळबोध अक्षर बोट ठेवून वाचता येतं, पण हिशेबाच्या वह्या लिहितात ती मोडी येत नाही. घरातले म्हणतात, सगळा घोळ तिथंच झाला. मी ते मान्य करत नाही. मोडी न येणं हा गुन्हा नव्हे.

आमचं गाव कंग्राळी. बेळगावात अण्णांचं सायकलचं दुकान होतं. अण्णा माझे नात्यातले कुणी नव्हेत. सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणायचा, म्हणून मीही. मुंबईहून रेल्वेनं पेट्या यायच्या, दुकानात सायकली जोडल्या जायच्या. पण शहरात विकून विकून किती विकणार? तेव्हा अण्णांच्या डोक्यात आलं, की बाजारच्या गावांत भाड्यानं सायकल देणारी दुकानं निघाली पाहिजेत. तिथल्या दुकानदाराजवळ पैसा नसतो. मग त्याला पाच-सहा सायकली उधारीवर द्यायच्या आणि त्यानं भाड्याच्या कमाईतून महिन्याला हप्ता भरायचा. फक्त कोण फेडील आणि कोण बुडवील, हे अण्णांना ठाऊक नव्हतं. मी भाजीची गाडी हाकत निपाणीपासून नंदगडापर्यंत सगळे बाजार तुडवलेले. मला ठाऊक होतं.

"तू माणसं बघ, मी माल बघतो," अण्णा म्हणाले. "रुपयात बारा आणे माझे, चार आणे तुझे. नफ्यालाबी आन् तोट्यालाबी."

"आन् कागद?"

"वहीत चढवतो की रं. वहीपरीस कागद मोठा व्हय?"

मी बैलजोडी आणि गाडी विकून पैसे नेऊन दिले. बायको म्हणाली, "आता तुमास्नीच जुंपायचं का?" खोटं नव्हतं. त्या दिवसापासून अकरा वर्षं मी जुंपलेलाच होतो. दुकानदार मी निवडले, हप्ते मी गोळा केले. प्रत्येक सायकलच्या मागच्या मडगाटवर पांढऱ्या रंगानं आकडा मी घातला. आकडे मला चांगले येतात. जांबोटीला मात्र एकही सायकल दिली नाही. तिथल्या चढावर माणूस सायकलवर बसत नाही, सायकल माणसाच्या खांद्यावर बसते.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला दुकानात वहीपूजन व्हायचं. नोकरांना विडा उंबऱ्याशी मिळायचा. मी आत गादीवर, अण्णांच्या डाव्या बाजूला. नव्या वहीवर पहिला विडा अण्णांचा, दुसरा माझा. नारळही माझ्याच हातानं फुटायचा. अकरा वर्षं मी त्या वहीवर विडा ठेवला, हळदकुंकू वाहिलं, डोकं टेकलं. आत काय लिहिलंय ते एकदाही वाचून घेतलं नाही. जिच्यापुढं डोकं टेकायचं तिची पानं काय तपासायची? आणि वहीतली मोडी मला वाचता येत नाही हे चारचौघांत कशाला दाखवायचं, हेही होतंच. खोटं कशाला बोलू.

मधल्या एका साली निपाणीकडचा दुकानदार सहा सायकली घेऊन रातोरात हद्दीपलीकडं, कोल्हापूर संस्थानात गेला. आमची फिर्याद तिकडं चालेना. माणूस मी निवडलेला. अण्णांनी मला बोलावलं. "सहा सायकली बुडाल्या. तुझे चार आणे भर. भागीदार हैस न्हवं?"

भागीदार म्हटल्यावर माझी छाती फुगली. बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि चार आण्यांचा तोटा पै न् पै भरला. ती रुसून बसली. मी म्हटलं, धंदा आहे आपला, नफा येईल तेव्हा दुप्पट जाडीच्या करू.

नफा आला. लढाई सुरू झाली, बाहेरून सायकली येणं बंद पडलं, होत्या त्यांना सोन्याचा भाव आला. उधारीवाल्यांनी सगळे हप्ते फेडून टाकले. त्याच सुमारास इन्कमटॅक्सवाल्यांनी दुकानाच्या भागीदारांची नावं सह्यांसकट मागितली. मी धुतलेलं धोतर नेसून तीन दिवस दुकानात जाऊन बसलो. सहीला कुणी बोलावलं नाही. चौथ्या दिवशी कळलं, कागद गेलासुद्धा. सह्या दोन, अण्णांची आणि त्यांच्या जावयाची.

मी वही लिहिणाऱ्या दिवाणजींना म्हटलं, "माझं पान काढा. वाचा."

दिवाणजींनी अण्णांकडं पाहिलं. अण्णा म्हणाले, "वाचा की."

त्यांनी वाचलं. बैलजोडीचे पैसे, माझ्या नावावर ठेव. पाटल्यांचे पैसे, तेही ठेव. दर सालचं व्याज जमा. भागी हा शब्द पानभर कुठं नव्हता.

"हे काय वो, अण्णा?"

"काय म्हंजे? एक पै बुडवली न्हाय तुझी. व्याजासकट ने."

"मग निपाणीचा तोटा मी कशाला भरला?"

"भरलास कुठं? जमाच हाय की."

"तवा भागीदार म्हनलासा."

"तवा तुला बरं वाटलं न्हवं?" अण्णा म्हणाले. दिवाणजी हसले. मग त्यांनाच लाज वाटली असावी, त्यांनी वही मिटली.

अण्णांनी पैसे बुडवले असते तर मी भांडलो असतो. त्यांनी पैसे बुडवले नाहीत, मला बुडवलं. नफ्याला ठेवीदार, तोट्याला भागीदार, आणि पूजेला नारळ फोडणारा गडी. मी उठलो. पैसे उचलले नाहीत. उचलले तर ती ठेवच होती असं मीच कबूल केल्यासारखं. बायको म्हणाली, "त्या पैशातनं माझ्या पाटल्या तरी करून आणा." आणल्या नाहीत. ती गेली तेव्हा हातात काचेच्याच बांगड्या होत्या. एवढं एक मला टोचतं.

पुढं काही वर्षांनी नंदगडाजवळच्या एका वस्तीवर लग्नाला जायचं होतं. पाय दुखत होते, म्हणून भाड्यानं सायकल घ्यायला नंदगडच्या दुकानात गेलो. दुकानदार उठून उभा राहिला. मीच निवडलेला माणूस, एकही हप्ता न चुकवणारा. त्यानं पुढं केली ती सतरा नंबरची. आकडा माझ्याच हातचा, थोडा पुसट झालेला.

मी आणा पुढं केला. तो म्हणाला, "मालकाकडनं भाडं घिऊ व्हय?"

"घे. आन् वहीत काय लिवलंस ते वाचून दाव."

त्याला नवल वाटलं, पण वाचलं. "सायकल नंबर सतरा. मालक."

"खोड ते. कंग्राळीचं गिऱ्हाईक, असं लिव."

त्यानं खोडलं, लिहिलं. मी पुन्हा वाचून घेतलं. मग आणा फळीवर ठेवला आणि सायकल रस्त्यावर काढली.