भट्टीतले डबे

शैलाने वर्कशॉपमधल्या रॉडच्या भट्टीचं दार उघडलं आणि बांगड्याच्या तिखल्याचा वास आला. आत जेवणाचे दोन डबे गरम होत होते. वेल्डिंगचे रॉड मात्र बाकावर उघडे पडले होते, नुकताच पाऊस थांबलेल्या दमट हवेत.

इमारतींचे पोलादी सांगाडे तपासायचे आणि सही करायची, हे तिचं काम. नवरा निशिकांत बोटीवर, मुलगी मैत्रेयी शाळेत. शुक्रवारी ती नाशिकला जाणार होती. शनिवारी आईचं सहस्रचंद्रदर्शन. दोन वर्षं जाणं हुकलं होतं. या वेळी बॅग आधीच भरून सिंगापुरातल्या, यिशुनच्या फ्लॅटच्या दाराशी ठेवली होती, येताजाता तिच्या पायात यायची.

“अभय, हे काय?”

सुपरवायझर अभय रत्नागिरीचा. “मायक्रोवेव्ह बिघडलाय, शैलाताई. जेवणापुरतेच काढतो रॉड.”

“कधीपासून?”

“सोमवारपासून.”

सोमवारपासूनच खांबांना जाड ब्रॅकेट जोडणं चाललं होतं. वरचा अख्खा मजला त्यांच्यावर बसणार होता.

“रॉड सत्तरचाच आहे हां. खोक्यावर बघा, ई-सत्तर-अठरा. आणि साठचा धरला तरी तुमच्या हिशेबात जोड पास होतो, मी करून बघितलं.”

तिनेही मघाशीच मनात करून बघितलं होतं. होत होता पास. पण सत्तर हा आकडा जोडाच्या ताकदीचा. शेवटचा आठ रॉडवरच्या लेपाचा. तो लेप गरम भट्टीतच कोरडा राहतो. एकदा ओल धरली की जाड पोलादाला आतून तडा जातो, तोही जोड थंड झाल्यावर, दिवसा-दोन दिवसांनी. वरून सगळं गुळगुळीत.

“हिशेब कोरड्या रॉडचा आहे, अभय. सादळलेला पापड वाढला तर चालतो का तुला?”

“बायको वाढते, ताई. वर चार शब्दही वाढते.” तो हसला आणि मग थांबला. “तपासणीत शनिवार जाईल. तुमचं विमान?”

“माहितीये मला.” दुसरा सही करणारा रजेवर होता. तिने खडू घेतला आणि सोमवारनंतरच्या प्रत्येक जोडावर फुली मारत गेली.

“अगेन, मम्मा?” जाणं रद्द झाल्याचं ऐकून घरी मैत्रेयी म्हणाली. “आजी सो सॅड, लाह.”

शैलाने नाशिकला आईला, आशालताबाईंना, फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्या पोरांना ओरडलीस?”

“ओरडले.”

“गार जेवायला लावू नकोस त्यांना.”

शनिवारी सकाळी शैला स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह भाजीच्या ट्रॉलीत घालून बसने वर्कशॉपला गेली. तिसऱ्याच ब्रॅकेटच्या जोडात मशीनने तडा दाखवला. तिला बरं वाटलं नाही, की वाईटही. पाय तेवढे दुखत होते. खिशात फोन थरथरत होता. नाशिकला आईला ओवाळत असतील. तिने तो बाहेर काढला नाही, चौथ्या जोडाकडे वळली.